तापल्याविना पाणी पिऊ नये

चैत्र वद्य ३, शके १७१४

दप्तरात दिवसभर दुसऱ्याचेच लिहीत असतो. आपले म्हणावे असे एक अक्षर नाही. आज मात्र हातून अशी ओळ उतरली की ती जपून ठेवायला ही वही शिवून घेतली.

धायरीस मोडशीची साथ लागली आहे. जुलाब, वांती, आणि दोन दिवसांत माणूस आटोपते. तिघे गेले. माधवशास्त्री वैद्य परवा जाऊन पाहून आले. त्यांचे म्हणणे असे की गाव ओढ्याच्या डोहातले पाणी पिते, रोग त्यातच आहे. पाणी तापवून, गार करून प्यायले तर साथ मोडेल. हे त्यांनी कागदाच्या दोन लांब बंदांवर लिहून आणले होते आणि त्यात पहिला बंद संपेपर्यंत पाण्याचे नाव नव्हते. आमच्या दप्तराचे मुख्य दिगंबरपंत यांनी कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, यज्ञेश्वर, याची दवंडी पिटता येईल असे करा.

दुपारभर बसलो. सहा मसुदे फाडले. सातवा असा:

तापल्याविना पाणी पिऊ नये.

चार शब्द. पाचवा घालायला जागा नाही, चौथा काढता येत नाही. कर्ता नाही, कारण सरकारी लिहिण्यात कर्ता नसतो. तो असला की कोणाला तरी जाब द्यावा लागतो. दिगंबरपंतांनी दोनदा वाचून "वा" म्हटले. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा दुसरा "वा". पहिला आंब्याला होता.

घरी आल्यावर बायकोला, सुनीतीला, वाचून दाखवले. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "छान आहे. म्हणजे काय करायचं?"

बायकांना वाक्याची घडण कळत नाही.

चैत्र वद्य ५

भाडेकरी नासिरचे टट्टू भाड्याने घेऊन धायरीस गेलो. माधवशास्त्री बरोबर होते. त्यांची औषधांची पिशवी गावचा दवंडीवाला भैरू याने वेशीपासून वाहिली. तो वाटभर शास्त्रीबुवांना काहीबाही विचारत होता आणि तेही त्याला उत्तरे देत होते. अशाने माणसे चढेल होतात.

भैरूकडून ओळ पाठ करून घेतली. एकदा ऐकली आणि जशीच्या तशी म्हणाला. आवाज खणखणीत आहे. मग डोके खाजवून म्हणाला, "जी, ह्याचा अर्थ..." मी त्याला तिथेच थांबवले. म्हटले, अर्थाशी तुझे काम नाही, अक्षरे नीट पाड. एक अक्षर इकडचे तिकडे केलेस तर पाठ फोडीन. त्याने डफाची वादी खांद्यावर चढवली. मग "बरं" म्हणाला.

चार ठिकाणी दवंडी झाली. लोक अगदी स्तब्ध उभे राहून ऐकत होते. पाटील हिंदुराव यांनी मान हलवली. संध्याकाळी परत येऊन दप्तरात कळवले की आज्ञा गावभर पोहोचली, परिणाम लवकरच दिसेल.

चैत्र वद्य ८

परिणाम पाहायला धायरीस आलो आहे. मुक्काम चावडीत.

हे गाव फार तापट आहे. आधी गेलो तेव्हा जाणवले नव्हते. पाटलांच्या ओसरीवर बसलो तर त्यांनी पाणी मागवले. गडी तांब्या घेऊन आला. पाटलांनी आधी गड्याला, मग गड्याच्या बापाला, मग तांब्याला शिव्या दिल्या. मानेच्या शिरा फुगल्या, डोळे लाल झाले. तसे झाल्याबरोबर त्यांनी तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला, मिशा पुसल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "हां. आता तुमी." मी म्हटले, मला तहान नाही.

डोहावर दोन बायका गेल्या वर्षीच्या एका कोंबडीवरून एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरत होत्या. मी मध्ये पडावे की नाही या विचारात असतानाच दोघी एकदम थांबल्या, ओंजळीने पाणी प्यायल्या आणि घागरी डोक्यावर घेऊन गप्पा मारीत घरी गेल्या. एक आई तहानलेल्या पोरीला सांगत होती की रडून भागायचे नाही, पाय आपट.

माझा तर्क, हे मिरचीमुळे असावे. मिरची कमी खावी अशी एक आज्ञा काढायला हवी. चार शब्दांत बसेल.

आजारी मात्र आणखी सहा झाले. याचा मेळ लागत नाही. ओढ्यापलीकडे वेशीबाहेर भैरूची वस्ती आहे, तिथे एकही आजारी नाही. तिकडचा वारा चांगला असावा. त्यांच्या चुली मात्र भरदुपारी पेटलेल्या दिसल्या. हे लोक दिवसभर खातात वाटते.

चैत्र वद्य ९

आजचे लिहू नये असे वाटते, पण लिहितो.

सकाळी सोनबा नावाचा एक शेतकरी चावडीत आला. चाळिशीचा, पडेल खांद्यांचा, बोलताना जमिनीकडे पाहणारा. दारातच बसला आणि माफीचा कागद मागू लागला. मी विचारले, कसली माफी.

"पाण्याची," तो म्हणाला. "मला राग येत न्हाई, पंत. ल्हानपणापासनं येत न्हाई. तीन दिस ताकावर हाय."

त्याच्या बायकोने, गोजरा तिचे नाव, पुष्कळ प्रयत्न केले होते. त्याची चिलीम फोडली. त्याच्या बैलाला त्याच्यासमोर मूर्ख म्हटले. तो म्हणाला, असंल. मग तिने त्यालाच मूर्ख म्हटले. तो म्हणाला, ते बी असंल. शेवटी तिलाच इतका संताप आला की ती दोन लोटे पाणी प्यायली, आणि हा ताकाचे मडके घेऊन गोठ्यात जाऊन बसला.

मी विचारले की रागाचा आणि पाण्याचा संबंध काय. त्याने मान वर करून पाहिले. मीच विसरलो असे त्याला वाटले असावे. हळूच आठवण करून दिल्यासारखे म्हणाला, "सरकारचाच हुकूम हाय न्हवं? तापल्याबिगर पाणी पिऊ नये. मानूस तापला की पोटातला रोग जळतो म्हनं. पाटील म्हनले."

मला आधी गावाचा राग आला. मग घशाला कोरड पडली आणि मी तांब्याकडे हात नेला. हा क्रम लक्षात आला तसा तांब्या होता तिथे ठेवला.

वाक्यात दोष नाही. ते मी पुन्हा पुन्हा तपासले. तापायचे कोणी हे सांगितलेले नाही एवढेच. शहाण्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

सोनबाला खरा अर्थ तिथेच सांगता आला असता. सांगितला नाही. सरकारी आज्ञेचा अर्थ कारकुनाने चावडीत बसून बदलायचा नसतो, तो दवंडीनेच बदलावा लागतो. शिवाय पाटलांसमोर चूक झाली म्हणणे बरे दिसले नसते. सोनबाला म्हटले, तू तापू नकोस, तुला माझी वैयक्तिक सूट. दुरुस्ती निघते आहे. तो फार खूश झाला. जाताना पाया पडला.

दुरुस्ती तासाभरात तयार केली. शास्त्रीबुवांनी गार करण्याविषयी सांगितले होते ते पहिल्या मजकुरात राहिले होते, तेही बसवले:

तापून निवल्यावरच पाणी प्यावे.

यात रागाला जागाच नाही. राग काही निवत नाही, निवते ते पाणी. भैरूला दिली. तो म्हणाला, "पंत, एक इचारू?" मी म्हटले, नको.

चैत्र वद्य ११

राग निवतो. धायरीत निवतो.

माधवशास्त्री रोग्यांना पाहून परतताना दप्तरात आले आणि बाकावर बसून बराच वेळ हसत राहिले. लोक राग निवायची वाट पाहत बसलेत, एवढेच कसेबसे त्यांच्या तोंडून निघाले, पुढचे सांगवेना. मी उद्या जातो.

चैत्र वद्य १२

गाव आता आधी भांडते आणि मग निवत बसते. पिंपळाच्या पारावर आठदहा माणसे डोळे मिटून बसली होती, प्रत्येकासमोर भरलेला तांब्या. कोणाचे निवणे संपले की तो डोळे उघडून पाणी पितो. पाटील म्हणाले, पहिल्या हुकुमात जरा घाई झाली होती, हा दुसरा हुकूम पोक्त आहे. तुमच्या दप्तरात कोणी तरी जाणते माणूस आले असावे.

त्या बिचाऱ्या सोनबाला एकाएकी भाव आला आहे. ज्यांचा राग लवकर उतरत नाही ते त्याच्याजवळ जाऊन बसतात. तो काही करीत नाही, नुसता बसतो. सकाळपासून तेरा जणांना त्याने असे निववले. दोन भावांचे बांधावरून बारा वर्षे बोलणे बंद होते. ते काल पाणी पिण्यापुरते भांडले, निवले, आणि आता एका ताटात जेवतात.

इतका सलोखा मी पुणे शहरात पाहिला नाही. आणि आजारी अकरा. पाटलांची म्हातारी आत्या आज पहाटे गेली. तिने मरण्याआधी सगळ्यांची क्षमा मागितली होती आणि डोहातले चार भांडी पाणी प्यायली होती.

पारावर उभा राहून ओरडून सांगावे असे मनात आले. पण पाटील सुतकात, समोर माणसे रडत असलेली. अशा वेळी म्हणायचे काय, की माझ्या वाक्यात कर्ता नव्हता? तिसरा मजकूर पक्का करून आणीन असे ठरवून परतलो.

एक शंका लिहून ठेवतो. कदाचित वाक्यात थोडा दोष असेल.

चैत्र वद्य १३

तिसरा मजकूर: उकळी फुटल्याखेरीज पाणी वर्ज्य.

सुनीतीला ऐकवला. ती म्हणाली, "म्हणजे आता बिचारे हसत सुटतील." विचारले, का. तर म्हणे, माणसाला हसण्याच्याच उकळ्या फुटतात की. तिने आधी खोटे हसून पाणी प्यायचे करून दाखवले, आणि मग तिला खरेच इतके हसू आले की पाणी नाकात गेले.

फाडला.

चैत्र अमावास्या

सोनबा आज धायरीहून चालत बुधवार पेठेतल्या आमच्या दप्तरात आला. शिपायाने अडवले तर त्याला बाजूला करून सरळ माझ्या बैठकीपुढे येऊन उभा राहिला. पागोटे नव्हते. जमिनीकडे पाहत नव्हता.

गोजरेला कालपासून मोडशी झाली आहे. भैरूने त्याला वेशीपर्यंत येऊन सांगितले होते की शास्त्रीबुवांना आण, आणि पंतांना इचार की पहिल्या हुकुमाचा अर्थ काय. म्हणून विचारायला आलो, म्हणाला.

मी सांगितला. पाणी चुलीवर ठेवून तापवायचे, एवढाच. दप्तरातले सगळे कारकून लिहायचे थांबले होते.

सोनबा म्हणाला, "त्या दिशी तुमाला ठावं हुतं. मी म्होरं बसलो हुतो. तुमी मला सूट दिली. मी तुमच्या पाया पडलो."

मी हातातली लेखणी कलमदानात ठेवली.

"ती माझ्यासाटी भांडायची आन पाणी प्यायची. मला राग येत न्हवता म्हनून. आता आलाय, पंत."

आवाज चढवला नाही. हात उगारला नाही. पण दिगंबरपंतही आतून उठून दारात आले होते आणि तसेच परत गेले. मी पागोटे उचलले, माधवशास्त्रींकडे गेलो, आणि टट्टू शास्त्रीबुवांना देऊन सोनबाबरोबर पायी धायरीची वाट धरली. अडीच कोसांच्या वाटेत दोनदा मला ठेच लागली, दोन्ही वेळा त्यानेच दंडाला धरले.

वैशाख शुद्ध १

गोजरा जिवंत आहे. डोळे खोल गेले आहेत, आवाज बसला आहे, पण ओळखते.

काल शास्त्रीबुवांनी गेल्या गेल्या तापवून गार केलेले पाणी मागितले. सोनबाच्या घरात नव्हते. शेजारी नव्हते. पाटलांकडे, देवळात, कुठेच नव्हते. सगळ्या गावात थेंब नव्हता. तेवढ्यात अंगणाच्या कडेला भैरू एक मडके घेऊन उभा दिसला. झाकलेले, गार, तापवलेले पाणी. त्याच्या वस्तीत घरोघर असते म्हणाला.

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. भैरूच्या घरचे पाणी. पाटील काही बोलणार तोच शास्त्रीबुवा म्हणाले, "रोगानं जात विचारली नाही. मी कशाला विचारू?" सोनबाने पुढे होऊन भैरूच्या हातून मडके घेतले आणि मीठ घातलेली पेज होईपर्यंत चमच्याचमच्याने तिला पाजत बसला. मी ब्राह्मण, दारात उभा. मला ते पाहवेना आणि तिथून हलवेनाही.

नंतर भैरूला गाठून विचारले की तुला कसे कळले. तो म्हणाला, शास्त्रीबुवांची पिशवी वाहत होतो तेव्हा विचारून घेतले, वस्तीला त्याच दिवशी सांगितले.

मी म्हटले, मग गावाला का सांगितले नाहीस.

"एक अक्षर इकडचं तिकडं केलंस तर पाठ फोडीन म्हनला हुता तुमी," भैरू म्हणाला. "अक्षर न्हाई हलवलं."

आज ही वही मागे उलटून पाहिली. तसेच म्हणालो होतो. वर लिहूनही ठेवले आहे. आणि दुपारच्या चुलींविषयी जे लिहिले आहे ते खोडणार होतो, पण राहू दिले.

वैशाख शुद्ध २

आज भैरूला म्हटले, तुला समजले तसे सांग, मी मध्ये बोलणार नाही. पाटील म्हणाले, कागद कुठाय. मी म्हटले, या वेळी कागद नाही. पारावर जाऊन हात बांधून बसलो. कारकुनाने हात बांधून बसणे किती कठीण ते माझे मला माहीत.

भैरूने डफ वाजवला आणि म्हणाला:

"ऐका हो ऐका. वड्याचं पाणी चुलीवर ठिवा. खदाखदा उकळू द्या. मग गार करा, मग प्या. ल्येकरास्नी बी तेच द्या. न्हाई केलं तर हगवण लागंल आन मराल. केलं तर जगाल. कुनी रागवायचं कारण न्हाई. सरकारचं म्हननं एवढंच हाय."

तेहतीस शब्द असावेत, मोजताना चुकलो. हगवण हा शब्द आमच्या दप्तरात आजवर उच्चारला गेलेला नाही. पण सबंध गावात एकाही माणसाने अर्थ विचारला नाही.

एक म्हातारा तेवढा खिन्न झाला. निवत बसायची त्याला गोडी लागली होती. तो म्हणाला, ते चालू ठेवलं तर सरकार रागवंल का. भैरूने त्याला सांगितले, बसा की, पण उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन बसा.

वैशाख शुद्ध ३

समजले सगळ्यांना, पण केले कोणीच नाही.

सकाळी घरोघर हिंडलो. बायका म्हणाल्या, जळण कुठाय? भाकरीपुरत्या गोवऱ्या आहेत, दिवसाला चार घागरी पाणी कशावर उकळायचे? हे मला, दिगंबरपंतांना, शास्त्रीबुवांना, कोणालाच सुचले नव्हते. आमच्याकडे पाणी कसे तापते याची मी कधी चौकशीच केलेली नाही. ते तापलेलेच असते.

तोड गोजरेने काढली. अंथरुणावर पडल्या पडल्या, अर्ध्या आवाजात, सोनबाला शिव्या देत. म्हणाली, पाटलाच्या गुऱ्हाळात उसाच्या वाळल्या पाचटाचा डोंगर पडलाय, गूळ शिजवायच्या दोन काहिली पालथ्या पडल्यात, आणि हे सगळे मेले पारावर बसलेत.

पाटील तयार होईनात. काहिलीत पाणी उकळले तर पुढच्या हंगामात गूळ बिघडेल म्हणे. तासभर समजावले. शेवटी त्यांची आत्या आठवून ते आपणच गप्प झाले आणि गड्याला म्हणाले, लाव रे. त्यांनी कोणाला शिवी दिली नाही. पंधरा दिवसांत प्रथमच.

वस्तीला पाणी नको, आमचे आम्ही तापवतो, पाचट तेवढे द्या, असे भैरू म्हणाला. पाटील म्हणाले, एक भारा ने. मी म्हटले, चार. हे मी म्हटले.

वैशाख शुद्ध ८

काहिलींना गुळाचा वास आहे, तो काही केल्या जात नाही. पाणी किंचित गोड लागते. त्यामुळे आधी तोंडाला भांडे न लावणारी पोरे आता रांगेत दोनदा उभी राहतात आणि मोठी माणसेही आडून तिसऱ्यांदा येतात. पाटलांना संशय आहे की लोक तहान नसताना पितात. ते काहिलीपाशी खाट टाकून बसतात आणि ढेकर देणाऱ्याला परत पाठवतात.

पाच दिवसांत नवा आजारी एकच. तो चोरून डोहावर गेला होता.

गोजरा उठून बसली. सोनबाला पुन्हा राग येईनासा झाला आहे. मी त्याच्या अंगणात गेलो तर त्याने घोंगडी झटकून बसायला दिली. मी म्हटले, सोनबा, चुकी माझी होती. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, असंल. आतून गोजरा म्हणाली, असंल काय, व्हतीच. मला बरे वाटले.

वैशाख शुद्ध १२

पुणे. साथ सिंहगडाच्या बाजूने पुढे सरकते आहे. नऱ्हे, वडगाव, आता म्हणे शहराच्या पेठांतही दोघे आजारी.

दिगंबरपंतांनी बोलावले. प्रसन्न होते. धायरीत साथ मोडली, म्हणजे आज्ञा लागू पडली, असा त्यांचा हिशेब. माझा पहिला कागद त्यांच्या पुढ्यात होता. म्हणाले, हाच मजकूर चाळीस गावी आणि शहराच्या सर्व पेठांत पाठवायचा, तुमच्या नावाची नोंद वर केली आहे.

मी सगळे सांगितले. कोंबडी, पार, पाटलांची आत्या, भैरू, काहिली. काही लपवले नाही. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वाक्य उत्तम आहे, यज्ञेश्वर. गाव मूर्ख निघालं त्याला वाक्य काय करणार?"

तीन आठवड्यांपूर्वी हेच मी म्हणालो असतो. याच आवाजात.

वैशाख पौर्णिमा

सहा कारकून लेखण्या घेऊन समोर बसले होते. मी सांगायचे आणि त्यांनी लिहायचे. पहिली ओळ तोंडात तयार होती. तिच्याइतके चांगले वाक्य मी पुन्हा लिहीन असे वाटत नाही.

सांगितले ते असे: ऐका हो ऐका. विहिरीचं, वड्याचं, हौदाचं पाणी चुलीवर ठिवा.

लेखण्या थांबल्या. एकाने विचारले, ठिवा की ठेवा? मी म्हटले, ठिवा. पुढे हगवण आले तेव्हा सर्वात धाकटा कारकून कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, अतिसार लिहू का? मी म्हटले, नको, अतिसार कोणालाच होत नाही. जळणाचीही एक ओळ घातली, ती काल धायरीस जाऊन भैरूला विचारून आणली होती: घरी जळण न्हाई त्यांनी एका काहिलीत मिळून तापवा.

दिगंबरपंत प्रती वाचत नाहीत, मोजतात. मोजल्या, बरोबर भरल्या, शिक्के उठवले. उद्या जातील. नोकरी राहील की नाही सांगता येत नाही. सुनीतीला सांगितले. तिने विचारले, सगळ्या प्रतींत 'हाय'च लिहिलंय, 'आहे' नाही? म्हटले, सगळ्या. तिने पानात साखरभात वाढला.

वैशाख वद्य ४

आज दुपारी आमच्या शनिवार पेठेत दवंडी आली. ऐन जेवणाच्या वेळी. भिंतीपलीकडे अनंतभट राहतात, मुलांना व्याकरण शिकवतात. ते नुकते पानावर बसले होते. खिडकीखाली डफ वाजला आणि भैरूचे शब्द शहरच्या दवंडीवाल्याच्या आवाजात सबंध आळीत घुमले. न्हाई केलं तर हगवण लागंल आन मराल.

आळी चिडीचूप झाली. मग एकेका घरातून भांड्यांचे आवाज येऊ लागले. तपेली, हंडे, घंगाळी. थोड्या वेळाने पाहिले तर प्रत्येक कौलातून धूर निघत होता, अनंतभटांच्या कौलातून सर्वांत दाट.

ते स्वतः मात्र सोवळ्यातच तावातावाने माझ्या दारात आले. हात अजून खरकटा होता. म्हणाले, ऐकलंत? ठिवा! आन! हाय! सरकारी शिक्क्यानिशी! उभ्या वाक्यात एक क्रियापद धड नाही. तुम्ही दप्तरात असता, तुम्हाला ठाऊक असेल, हे असलं लिहिलं कोणी?

"मी नाही," मी म्हणालो.